सांगलीतल्या छोट्या ग्रुपचा हंगाम: नाटकं कशी ठरवली (मार्च ते मे २०२६)

१ मार्च, रविवार

पहिली बैठक, सरांच्या घरी. आत्तापर्यंत आमच्याकडे नाटक ठरायचं ते असं की कुणीतरी पुण्याला नाहीतर मुंबईला काहीतरी भारी बघून यायचं, तेच आपण करू म्हणायचं आणि आठ दिवसांत तालमी सुरू. मग जूनमध्ये लक्षात यायचं की सहा पुरुष लागतात आणि आपल्याकडे येतात तीन. दोन वर्षं हेच झालं, एक नाटक तर अर्ध्यावर सोडावं लागलं आणि सेटच्या लाकडाचे पैसे गेले.

यंदा उलटीकडून सुरुवात केली, आधी माणसं लिहून काढली. नक्की येणारे एका पानावर, "बघतो, सांगतो"वाले दुसऱ्या पानावर, आणि दुसरं पान सरळ बाजूला ठेवलं. पहिल्या पानावर पाच बायका आणि तीन पुरुष: बँकेतून रिटायर झालेल्या काकू, शाळेत शिकवणाऱ्या बाई, सिव्हिलमध्ये नर्स असलेली ताई, कॉलेजच्या दोन मुली, सर, हार्डवेअरचं दुकान असलेले दादा आणि एक इंजिनिअरिंगचा मुलगा. लाइटला एकजण आणि मी व्यवस्थेला, म्हणजे एकूण दहा.

खात्यात ६१ हजार, त्यातले ८ हजार लाइटवाल्याचे मागचे द्यायचेत. ते आधी दिले.

मग कॅलेंडर काढलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे सगळे सण पुढे गेलेत, गणपती १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. जुलै-ऑगस्टला सांगलीत कुठलाच प्रयोग लावायचा नाही यावर कुणाचं दुमत नव्हतं. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. त्या दिवसांत माणूस सामान माळ्यावर टाकेल का तिकीट काढेल.

तीन जागा ठरल्या: गणपती, नोव्हेंबर, जानेवारी.

८ मार्च

प्रत्येकाने एक-दोन नाटकं आणायची होती. नियम एकच, पुस्तक हातात पाहिजे, "मी बघितलंय, फार भारी आहे" चालणार नाही. त्यानेच निम्मी यादी गळाली, कारण बरीच नाटकं छापीलच मिळत नाहीत. वाचनालयात शोधा, रद्दीवाल्याकडे शोधा, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटात. झेरॉक्स काढून काढून अक्षरं उडालेली एक प्रत आली, तिच्यात दुसऱ्या अंकातली चार पानंच नव्हती.

जे उरलं त्याच्यावर पात्रांची नावं मांडून बघितली आणि सगळे जरा गप्प झाले. आठ पात्रं असतील तर बायका दोन, फार तर तीन. त्यातली एक आई. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आमच्यासारख्या हौशी ग्रुपला अगदी सोयीचं, एकच सेट, तोही रिकामा हॉल, आणि गोष्टच नाटकमंडळींची. पण त्यातही बेणारे आणि काशीकरबाई धरून बायका दोनच. काकू म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तिघींनी परत चहा आणि रंगभूषाच सांभाळायची का?" त्या रागावून बोलल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. चार वर्षं ही बाई एकही तालीम न चुकवता येतेय आणि तिच्या वाट्याला आजवर आलीयत दोन वाक्यं.

तिथेच ठरवलं की वर्षभरात नक्कीच्या पानावरच्या प्रत्येकाला एक तरी खरं काम मिळालं पाहिजे. म्हणजे नाटक एकेक करून निवडायचं नाही, तिन्ही एकत्र मांडूनच निवडायची.

१५ मार्च

हक्कांचा दिवस. हे काम सगळ्यात आधी करा असं मी पोटतिडकीने सांगेन, कारण नाटकाच्या प्रेमात पडल्यावर परवानगी नाही आली की ग्रुपचा जीवच जातो.

हिशोब सोपा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक गेल्यापासून साठ वर्षं, आणि ती मोजायची पुढच्या जानेवारीपासून. त्यामुळे देवल, गडकरी, खाडिलकर मोकळे. मामा वरेरकर १९६४ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून त्यांचीही नाटकं मोकळी झालीत, हे बऱ्याच ग्रुपना माहीत नाहीये. अत्रे १९६९ ला गेले, त्यामुळे २०२९ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार.

गोची होते ती रूपांतरांत. दादांनी अत्र्यांचं 'कवडीचुंबक' आणलं होतं, त्यांचं म्हणणं मूळ नाटक मोलिएरचं, तो जाऊन साडेतीनशे वर्षं झाली, मग आपल्याला कोण विचारणार? मोलिएर मोकळा आहेच, पण 'कवडीचुंबक'मधली मराठी अत्र्यांची आहे. तसंच 'घरकुल'चं. इब्सेन १९०६ ला गेला पण मराठी अनंत काणेकरांची, आणि ते गेले १९८० ला. पाहिजे तर मूळ घ्या आणि आपलं आपण रूपांतर करा. दादांना हे पटायला वेळ लागला पण पटल्यावर त्यांनीच पुढे जे केलं ते ३ मेच्या नोंदीत आहे.

वहीत तीन रंग केले: हिरवा म्हणजे मोकळं, पिवळा म्हणजे लेखक किंवा वारस माहीत आहेत पण विचारायला पाहिजे, लाल म्हणजे कुणाला विचारायचं तेच कळत नाही. लाल सगळी त्याच दिवशी काढून टाकली. पिवळ्यातल्या एका दोनअंकी नाटकासाठी पत्र आणि मेल दोन्ही पाठवलं.

२२ मार्च

पाडव्यानंतरचा रविवार, पहिलं मोठ्याने वाचन. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. कागदावर आमच्यासाठीच लिहिल्यासारखं, दादी, आई, वहिनी, अंजली, प्रभा, रंजू, एवढ्या बायका एका नाटकात आणि सगळ्या भरभक्कम. नुसतं गंमत म्हणून घातलेलं एकही पात्र नाही.

अडलं ते वऱ्हाडी बोलीपाशी. आम्ही सगळे कृष्णाकाठचे, आमचा हेल वेगळा, आमचं "काय करालायस" वेगळं. वहिनीची वाक्यं ताईने वाचली, अर्थ पोचत होता, पण दर तिसऱ्या वाक्याला तोंड आपल्याच वळणावर जात होतं, आणि जपून म्हणायला गेलं की सिनेमातल्या विनोदी नोकरासारखं व्हायचं. ते ऐकवेना. त्या नाटकातल्या माणसांचं घर मोडतंय, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, आणि आपल्या उच्चारामुळे प्रेक्षक हसला तर तो लेखकावर अन्याय आहे.

भाषा बदलून आपल्याकडची करूया का, असा प्रश्न कॉलेजच्या मुलीने विचारला. सर नाही म्हणाले आणि मला त्यांचं पटलं. धरणगावचा तो वाडा त्या बोलीशिवाय उभा राहत नाही, आणि लेखकाला न विचारता बोली बदलणं तर अजिबातच बरोबर नाही. वर्षभर अमरावतीकडचं कुणीतरी सोबत बसून शिकवणार असेल तर पुढे बघू. तीन तास वाचन झालं, नाटक बाद झालं, पण काकूंनी वाचलेली दादी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्यांचा आवाज किती खाली जाऊ शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

यातून एक पद्धत पक्की केली. मनात वाचून नाटक आवडलं असेल तरी ते यादीत येत नाही. आपल्याच माणसांनी, आपल्याच खोलीत, मोठ्याने किमान पहिला अंक वाचला की मगच येतं.

५ एप्रिल

'एकच प्याला'. हे सरांनी सुचवलं तेव्हा मुलांनी तोंडं वाकडी केली, जुनं आहे, संगीत आहे, भाषा जड आहे. सर म्हणाले वाचून तर बघा.

आधी अडचणी सांगते. पाच अंक. पदं, ती आम्हाला गाता येत नाहीत आणि ऑर्गन-तबला आणायला पैसे नाहीत. पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत, त्यामुळे ती काढली तर गडकऱ्यांच्या गद्याला धक्का लागत नाही. पुरुष पात्रं भरपूर आणि आमच्याकडे तिघं. दारूत बुडणाऱ्या सुधाकरसाठी इंजिनिअरिंगचा मुलगा लहान पडतो, दादांना तो बसतो. सर त्याचा मित्र रामलाल. मुलगा तळीराम, सुधाकरला प्यायला लावणारा.

मग आर्य मदिरा मंडळ, म्हणजे तळीरामाचा दारुड्यांचा कंपू, कुठून आणायचं? तिथे सर म्हणाले, बायका करतील. १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व कंपनीने पहिला प्रयोग केला, गडकरी जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा सुधाकरची बायको सिंधू बालगंधर्वांनीच केली होती ना, मग आता शास्त्री आणि खुदाबक्ष बायकांनी केले तर काय बिघडतं? काकूंनी शास्त्री वाचला. जानवं चाचपल्यासारखा हात खांद्यावर नेऊन, आवाज दादीच्या वेळी लावला होता त्याच्याही खाली. एवढ्या लांबलचक वाक्यांत श्वास कुठे घ्यायचा हे त्यांना न सांगता कळत होतं. मुलांनी मोबाइल खाली ठेवले. शंभर वर्षांपूर्वीचा विनोद आहे आणि खोलीत कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

खरा वाद झाला सिंधूवर. कॉलेजच्या मुलीने स्पष्ट सांगितलं की नवरा दारू पिऊन घर बुडवतो, पोराचा जीव घेतो, आणि ही मरताना फौजदाराला मी पडले म्हणून सांगते, हे मी २०२६ साली स्टेजवर आदर्श म्हणून उभं करणार नाही. बरोबर आहे तिचं. ताई म्हणाली, आदर्श म्हणून नको, पण ही जबानी मी अजूनही ऐकते, कॅज्युअल्टीला नाइटला असले की. जिन्यावरून पडले, मोरीत पाय घसरला. मी लिहून घेते, नवरा शेजारी उभा असतो. ती बोलली तेवढंच बोलली आणि चहा घेऊन आत गेली.

मग बाईंनी ती जबानी परत वाचली. रडल्याशिवाय, आवाज न चढवता, फॉर्म भरताना माहिती सांगावी तशी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा करुण वाटलं होतं, आता भीती वाटली. वाद मिटला असं नाही म्हणता येणार, पण ती मुलगी म्हणाली असं करणार असाल तर मी गीता, तळीरामाची बायको, करते.

नोव्हेंबरची जागा याला. मला विचाराल तर सगळ्या हंगामाचा कणा इथे सापडला.

१२ एप्रिल

काटछाट. सर आणि मी बसलो. पूर्ण वाचायला चहा सोडून चार तासांच्या वर लागत होते, आम्हाला मध्यंतरासह अडीच तास पाहिजे. पहिल्यांदा प्रत्येक प्रवेशातून थोडं थोडं कापून बघितलं, ते वाचल्यावर सगळंच अर्धवट वाटायला लागलं, गडकऱ्यांचं वाक्य मधून तोडलं की त्याचा तोलच जातो. ते रद्द करून अख्खे प्रवेश उचलले आणि राहिलेले हात न लावता ठेवले. शरद-भगीरथाचा भाग बराच गेला. शरद पूर्ण काढायची नाही हे मात्र ठरवलं, कारण ती विधवा मुलगी आणि रामलालचं तिच्याकडे ओढलं जाणं काढलं तर रामलाल नुसता उपदेशक उरतो.

१९ एप्रिल

पिवळ्यातल्या नाटकाचं उत्तर नाही. फोन झाला, "कळवतो" झालं, परत फोन झाला. महिना उलटला. प्रकाशकाकडे हक्क नाहीत, वारस दोन, आणि दोघांचं एकमत नाही असं कळलं. त्यांचा त्यांचा प्रश्न आहे, पण आम्ही आणखी थांबणार नाही. वाचन न करताच विचारलं होतं म्हणून फारसं दुखलं नाही. इतरांना सल्ला एवढाच, उत्तराची शेवटची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा आणि ती आली की दुसऱ्या नाटकाकडे वळा.

२६ एप्रिल

गणपतीसाठी चाळीस मिनिटांचं काहीतरी पाहिजे होतं, मंडळांसमोर करता येईल असं. कॉलेजच्या दुसऱ्या मुलीने लिहून आणलंय. हळदीच्या गोदामातल्या पाच बायका, गड्डे आणि हळकुंड वेगळं करत बसल्यात, बाहेर सौदे चाललेत, आणि आज मुकादम मजुरी द्यायला आलेला नाही. तिची आजी मार्केट यार्डात हेच काम करायची. पाच बायका, पुरुष फक्त बाहेरून आवाजात. मी पहिल्या पानालाच हो म्हणाले असते, पण पद्धत म्हणजे पद्धत, वाचन केलं.

खऱ्या हळदीने करून बघूया म्हणून दोन पोती आणली. लाइटवाल्याने मागून एक लाइट मारला तर धूळ सोनेरी दिसत होती, फार सुंदर. पाचव्या मिनिटाला काकूंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना, वाचन बंद करावं लागलं. आता सुपात भाजलेले चिंचोके घ्यायचे ठरलंय, आवाज हळकुंडासारखाच कडकड येतो. हळद फक्त हातांना.

संहितेत एक दोष आहे, शेवटी मुकादम येतो आणि पैसे देतो. आजीच्या वेळी खरंच असं झालं होतं का विचारलं तर ती म्हणाली नाही, आजी तशीच घरी गेली होती. मग तसंच लिही म्हटलं. तिकीट लावून करायचं तर नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मेअखेर पक्की प्रत पाहिजे म्हणून सांगितलंय. हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

३ मे

दादांचं रूपांतर. मोलिएर सोडून ते चेखवकडे गेले, मागणी घालायला आलेला मुलगा आणि मुलगी जमिनीच्या तुकड्यावरून भांडतात ती छोटी एकांकिका. दोन पुरुष, एक बाई. चेखव १९०४ ला गेला, इंग्रजी भाषांतर जुनं घेतलं, तो भाषांतरकार जाऊनही साठच्या वर वर्षं झालेली बघूनच.

दादांनी गवताच्या कुरणाचा तासगावातल्या द्राक्षबागेच्या बांधाचा तुकडा केलाय. ते त्यांना आतून माहीत आहे, त्यांच्या घरात हा वाद कोर्टात आहे. मूळात नंतर कुत्र्यांवरून भांडतात, इथे शर्यतीच्या खिल्लार बैलावरून. सुरुवातीच्या खर्ड्यात दादांनी प्रत्येक रशियन विनोदाला मराठी विनोद शोधला होता, ते वाचताना लांबत गेलं. विनोद काढून टाकले, नुसतं भांडण ठेवलं, गट नंबर, सातबारा, आज्ज्याने कुणाला वापरायला दिलं होतं. मग हशा आपोआप आला. सर, मुलगा आणि ताई. ताईला हॉस्पिटलबाहेर हसताना कुणी बघितलं नव्हतं बहुतेक, तिने बैलाची बाजू अशी घेतली की मुलगा वाक्य विसरला.

१० मे

पैसे. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, लाइट, साउंड, रंगभूषा, कपडे धरून 'एकच प्याला'च्या एका प्रयोगाला ४५ हजारांच्या घरात जातंय, तेही सेट म्हणून दोन लेव्हल, एक जातं आणि एक टेबल एवढंच असताना. म्हणजे तो एकच प्रयोग मोठ्या हॉलमध्ये. गणपतीत मंडळं मानधन देतात, त्यातून प्रवास आणि माइक निघतो. जानेवारीत एका जुन्या वाड्याची ओसरी मिळतेय, सत्तर खुर्च्या बसतात, भाडं नाही, वीज आपली.

म्हणून जानेवारीला बांधाची एकांकिका आणि हळदीची एकांकिका एकाच संध्याकाळी करायच्या. आधी हसू, मध्ये चहा, मग हळद. उलटा क्रम बोलून बघितला, पण मुकादम न आलेल्या त्या शेवटानंतर कुणाला बैलावरून हसायला लावायचं आमच्या मनात येईना.

राज्य नाट्य स्पर्धेत यंदा उतरायचं नाही. मुलगा नाराज आहे. पण स्पर्धेची तारीख आपल्या हातात नसते, आणि बाईंना जनगणनेची ड्युटी लागायची शक्यता, ताईच्या नाइट, यात आपल्या हातातल्या तारखाच सांभाळायला अवघड आहेत.

१७ मे

पक्कं झालं. सप्टेंबरात गणपतीत हळदीची एकांकिका, २८ नोव्हेंबरला शनिवारी 'एकच प्याला', जानेवारीत ओसरीवर दोन्ही एकांकिका.

रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, मोठा प्रयोग करायचा असं सगळ्यांच्याच मनात होतं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केलं म्हणून तो दिवस आहे, सांगलीकरांना तो सोडवत नाही. पण यंदा तो दिवाळीच्या तोंडावर येतोय, गुरुवार, घरोघरी फराळ, प्रेक्षक येणार नाही आणि आमच्या बायकाही चूल सोडून निघणार नाहीत. सकाळी नटराजपूजन आणि वरेरकरांच्या 'हाच मुलाचा बाप'मधला एक प्रवेश वाचायचा, तासाभरात घरी. हुंड्यावरचं नाटक आहे, पुढच्या वर्षीसाठी कानावर पडलेलं बरं.

काकूंना शास्त्री आणि हळदीतली सगळ्यात म्हातारी बाई. बाईंना सिंधू, पण जानेवारीत त्यांना मोठं काम नाही, ते मुद्दाम. दादांना सुधाकर, म्हणून बांधाच्या नाटकात ते फक्त दिग्दर्शक. ताईला सप्टेंबरात ज्या रात्री ड्युटी असेल त्या रात्री तिची भूमिका मी करायची, पाठांतर सुरू केलंय.

झेरॉक्सला ९४० रुपये गेले. 'एकच प्याला'ची कापलेली प्रत ज्यांना पाहिजे त्यांनी सांगा, सर द्यायला तयार आहेत, गडकरी सगळ्यांचेच आहेत. पुढचं वाचन रविवारी संध्याकाळी पाचला, ओसरीवर, पेन्सिल आणायची, पेन नको.